फाइल स्वीकारणारा सर्व्हर : अ‍ॅप्लिकेशन सर्व्हरांतील एका सुरक्षा-दोषाची मीमांसा

१. प्रश्नाचे स्वरूप

मोठ्या संस्थांचे दैनंदिन व्यवहार ज्या संगणकीय यंत्रणांवर चालतात, त्यांत बाहेरच्या व्यक्तीकडून फाइल स्वीकारण्याची सोय आज सर्वत्र आढळते. प्रवेश-अर्जाबरोबर छायाचित्र व गुणपत्रक, विम्याच्या दाव्याबरोबर रुग्णालयाची बिले, निविदेबरोबर तिची कागदपत्रे असे नाना प्रकारचे दस्तऐवज रोज सर्व्हरवर चढविले जातात. ही सोय इतकी अंगवळणी पडली आहे की, तीत काही विशेष जोखीम आहे असे सहसा कोणास वाटत नाही. परंतु सुरक्षेच्या दृष्टीने पाहता, अपरिचित माणसास आपल्या यंत्राच्या डिस्कवर काही लिहू देणे, असाच या सोयीचा अर्थ होतो. इतर बहुतेक सेवांमध्ये बाहेरचा मनुष्य सर्व्हरला प्रश्न विचारतो; येथे तो आपल्या हातची वस्तू सर्व्हरच्या घरात ठेवतो. या भेदामुळे हा प्रश्न स्वतंत्र विचारास पात्र ठरतो.

या दोषाचे वर्णन सामान्यतः ‘घातक फाइल सर्व्हरवर चढविली जाणे’ असे करण्यात येते. मायटर या संस्थेच्या दोष-वर्गीकरणातही तो ४३४ या क्रमांकाखाली, घातक प्रकारच्या फाइलींचा अनिर्बंध स्वीकार अशा अर्थाच्या नावाने नोंदलेला आहे. हे वर्णन चुकीचे नाही, पण अपुरे आहे. त्यामुळे असा समज होतो की, घातकपणा हा फाइलीच्या अंगचा गुण असून तो ओळखणारा चांगला परीक्षक दाराशी बसविला म्हणजे काम भागले. गेल्या काही वर्षांत उघडकीस आलेल्या प्रमुख दोषांचा क्रमाने विचार केल्यास निराळा निष्कर्ष निघतो. फाइल घातक ठरेल की निरुपद्रवी, हे तिच्यातील मजकुराइतकेच किंबहुना त्याहून अधिक, ती कोठे ठेवली जाते आणि सर्व्हरचा कोणता भाग ती वाचतो यावर अवलंबून असते. हा निष्कर्ष उदाहरणांनी स्पष्ट करणे व त्यापासून निघणारी उपाययोजना मांडणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. विवेचन मुख्यतः जावा भाषेवर आधारलेल्या सर्व्हरांपुरते मर्यादित ठेवले आहे. कारण मोठ्या संस्थांत त्यांचा प्रसार विशेष असून त्यांच्या दोषांची नोंदही तपशीलवार उपलब्ध आहे.

२. फाइल सर्व्हरपर्यंत कशी पोचते

ब्राउझरमधील फॉर्मद्वारे फाइल पाठविण्याची आजची पद्धत नोव्हेंबर १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आरएफसी १८६७ या दस्तऐवजात मांडली गेली. तीनुसार पाठविणाऱ्याची संपूर्ण विनंती अनेक भागांत विभागलेली असते. दोन भागांमध्ये एक विभाजक अक्षरमाला असते आणि तो विभाजक कोणता, हे विनंतीच्या आरंभीच्या हेडरमध्ये सांगितलेले असते. प्रत्येक भागाच्या माथ्यावर फॉर्ममधील रकान्याचे नाव, फाइलीचे मूळ नाव व फाइलीचा प्रकार अशा तीन गोष्टी लिहिता येतात. त्यानंतर फाइलीचा प्रत्यक्ष मजकूर येतो.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवणे अवश्य आहे. विभाजक, रकान्याचे नाव, फाइलीचे नाव, तिचा प्रकार आणि मजकूर ही सर्वच्या सर्व पाठविणाऱ्याने लिहिलेली असतात. ब्राउझर ती प्रामाणिकपणे लिहितो हे खरे. परंतु सर्व्हरशी बोलणारा ब्राउझरच असला पाहिजे असा कोणताही निर्बंध नाही. दहा-वीस ओळींची आज्ञावली लिहून कोणासही हवी तशी विनंती रचता येते. मजकूर जेपीईजी चित्राचा आहे हे विधान, पाकिटावर पाठविणाऱ्याने स्वहस्ते लिहिलेल्या ‘आत केवळ छायाचित्र आहे’ या शब्दांहून अधिक मोलाचे नाही.

ही जाणीव पूर्वसूरींना नव्हती असे नाही. ऑगस्ट १९९७ च्या आरएफसी २१८३ मध्ये, सुचविलेले फाइलनाम आंधळेपणाने वापरू नये, अशी सूचना स्पष्ट शब्दांत केलेली आहे. तीच सूचना २०१५ च्या आरएफसी ७५७८ मध्ये पुन्हा आली असून, नावासोबत आलेला डिरेक्टरीचा मार्ग वापरू नये असेही तीत सांगितले आहे. सूचना जुनी असूनही चूक वारंवार का घडते, हाच खरा विचारार्ह प्रश्न होय.

३. माहितीचे आज्ञावलीत रूपांतर

१९४५ साली जॉन फॉन नॉयमन यांनी एडव्हॅक यंत्राविषयी लिहिलेल्या सुप्रसिद्ध टिपणात आज्ञा व माहिती ही एकाच स्मृतीत ठेवण्याची कल्पना मांडलेली आहे. आजच्या संगणकाचे सामर्थ्य पुष्कळ अंशी तीतूनच उद्भवले; पण त्याबरोबर एक संदिग्धताही आली. स्मृतीतील एखादा अंकसमूह आज्ञा आहे की माहिती, हे त्या अंकांकडे पाहून ठरत नाही. यंत्र त्यांना कोणत्या दृष्टीने वाचते यावरून ठरते. डिस्कवरील फाइलींच्या बाबतीतही हीच स्थिती आहे, आणि अ‍ॅप्लिकेशन सर्व्हरमध्ये ती विशेष तीव्रतेने जाणवते.

याचे कारण जेएसपी या पद्धतीच्या रचनेत आहे. जेएसपी ही वरकरणी साध्या मजकुराची फाइल असते. ती सर्व्हरच्या उपयोजन-डिरेक्टरीत असली आणि तिच्या पत्त्यावर पहिली विनंती आली, म्हणजे सर्व्हर तिचे जावा भाषेत रूपांतर करतो, त्याचे संकलन करतो, तयार झालेला वर्ग स्मृतीत आणतो व चालवितो. विकासकाच्या सोयीसाठी ही सर्व क्रिया आपोआप घडते. कोणाची संमती लागत नाही की सर्व्हर पुन्हा सुरू करावा लागत नाही. त्याचप्रमाणे टॉमकॅटच्या मूळ मांडणीत नेमून दिलेल्या डिरेक्टरीत डब्ल्यूएआर प्रकारची गठडी येऊन पडली की, ती उघडून नवे उपयोजन सुरू करण्याची व्यवस्थाही आहे.

या रचनेचा परिणाम असा की, त्या डिरेक्टरीत फाइल लिहिता येणे आणि सर्व्हरवर हवी ती आज्ञा चालविता येणे, या दोन गोष्टी व्यवहारतः एकच होतात. विनंतीतून आलेला शब्द घेऊन तो कार्यप्रणालीकडे आज्ञा म्हणून सुपूर्द करणारी जेएसपी अवघ्या काही ओळींची असते. तिला ‘वेब शेल’ असे म्हणतात. ती एकदा योग्य जागी पडली की, सर्व्हरची प्रक्रिया ज्या खात्याच्या अधिकाराने चालते, ते सर्व अधिकार घुसखोराच्या हाती जातात. आणि मोठ्या संस्थांत त्या खात्यापाशी विदागारांचे परवलीचे शब्दही बहुधा असतातच.

कचेरीच्या व्यवहारातील एक दाखला घेतल्यास हे अधिक स्पष्ट होईल. आवक विभागात येणारा कागद अर्ज असतो; साहेबांच्या सहीनिशी हुकुमांच्या फाइलीत लागलेला कागद हुकूम असतो. आता ज्या कचेरीत आवक कारकून व हुकुमांची अंमलबजावणी करणारा शिपाई यांच्यासाठी एकच कपाट असेल, आणि कपाटात जे सापडेल ते अमलात आणावयाचे अशी शिपायास आज्ञा असेल, तेथे अर्जदाराने आपल्या अर्जावर काय लिहिले आहे हे तपासून फारसा निभाव लागणार नाही. मूळ दोष कपाट एक असण्यात आहे.

४. नावावरील विश्वास

पहिला प्रकार नावासंबंधीचा आहे. फाइलीचे नाव म्हणजे केवळ लेबल अशी आपली कल्पना असते. सर्व्हरच्या दृष्टीने मात्र नाव हे स्थान आणि वर्तन या दोहोंचे निर्देशक असते. नावात दोन टिंबे व तिरपी रेघ आली म्हणजे ‘एक पायरी वरच्या डिरेक्टरीत जा’ असा तिचा अर्थ होतो. नावाच्या शेवटी जेएसपी ही अक्षरे आली की, फाइल चालवावयाची आहे असा अर्थ होतो. कित्येक उपयोजनांत निषिद्ध अक्षरांची यादी करून ती नावे नाकारण्याचा उपाय योजलेला असतो. परंतु टॉमकॅटच्या मूळ मांडणीत जेएसपीप्रमाणेच जेएसपीएक्स या अक्षरांनी संपणारी फाइलही चालविली जाते, हे यादी करणाऱ्याच्या लक्षात असेलच असे नाही. निषेधाची यादी कधी पूर्ण होत नाही. म्हणून अनुमतीची यादी करणे श्रेयस्कर.

सप्टेंबर व ऑक्टोबर २०१७ मध्ये जाहीर झालेले टॉमकॅटमधील दोन दोष, सीव्हीई-२०१७-१२६१५ व सीव्हीई-२०१७-१२६१७, या दृष्टीने उद्बोधक आहेत. टॉमकॅटमध्ये स्थिर फाइली पुरविणारा एक भाग व जेएसपी चालविणारा दुसरा भाग असतो. पहिल्या भागास फाइल लिहिण्याची परवानगी मुळात नसते; परंतु व्यवस्थापकाने ‘केवळ वाचनार्थ’ हा निर्बंध काढून टाकला तर पुट या विनंतीद्वारे त्याला फाइल लिहिता येते. तरीही जेएसपीने संपणारे नाव दुसऱ्या भागाकडे जात असल्यामुळे ते लिहिले जाणार नाही, अशी अपेक्षा होती. घुसखोराने नावापुढे केवळ एक तिरपी रेघ जोडली. आता नाव जेएसपीने संपत नसल्यामुळे विनंती पहिल्या भागाकडे गेली. फाइल प्रत्यक्ष लिहिताना ती शेवटची रेघ गळून पडली. आणि डिस्कवर शुद्ध जेएसपी फाइल तयार झाली. पहिला दोष विंडोजवरील टॉमकॅटपुरता नोंदला गेला होता. त्याची दुरुस्ती अपुरी ठरल्याने दुसरा क्रमांक द्यावा लागला. या प्रकरणात फाइलीतील मजकुराची परीक्षा करण्याचा प्रसंगच आला नाही. एकाच नावाचा अर्थ सर्व्हरच्या दोन भागांनी दोन प्रकारे लावला, एवढ्याने काम झाले.

अपाचे स्ट्रट्स या चौकटीत डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर झालेला सीव्हीई-२०२३-५०१६४ हा दोषही याच जातीचा आहे. स्ट्रट्स आलेल्या फाइलीचे नाव मार्गाच्या अंशापासून स्वच्छ करून उपयोजनाच्या स्वाधीन करते. परंतु ते स्वच्छ नाव ज्या चलात ठेवले जाते, त्याच चलाचे नाव धारण करणारा दुसरा साधा रकाना त्याच विनंतीतून पाठविता येत होता. रकान्यांच्या नावांतील लहान व मोठ्या रोमन अक्षरांच्या भेदाचा लाभ घेऊन घुसखोर असे घडवून आणी की, स्वच्छ केलेले नाव पुसले जाऊन त्याने पाठविलेले अस्वच्छ नाव शिल्लक राही. परीक्षा झाली होती, पण परीक्षित वस्तू मागाहून बदलली गेली. ६.३.०.२ व २.५.३३ या आवृत्त्यांत त्याची दुरुस्ती झाली. तथापि वर्षभरानंतर, डिसेंबर २०२४ मध्ये, त्याच धर्तीचा सीव्हीई-२०२४-५३६७७ जाहीर झाला. त्या वेळी केवळ आवृत्ती बदलणे पुरेसे ठरले नाही, ६.४.० पासून उपलब्ध झालेल्या नव्या यंत्रणेनुसार उपयोजनाचा संबंधित भागच पुन्हा लिहिणे अवश्य ठरले. जुन्या पद्धतीतच दोष असला म्हणजे ठिगळ लावून भागत नाही, याचे हे प्रत्यंतर होय.

५. प्रकारावरील विश्वास

नावावर विश्वास ठेवावयाचा नाही, तर प्रत्यक्ष मजकूर तपासावा, असे पुढे सुचते. जीआयएफ चित्राच्या आरंभी ठराविक अक्षरे असतात; ती पाहिली की झाले, असे वाटते. परंतु जीआयएफ ही फाइल आरंभापासून वाचली जाते, तर झिप या गठडीची अनुक्रमणिका शेवटी असते व वाचणारा तेथूनच सुरुवात करतो. त्यामुळे आरंभी चित्र व शेवटी झिप अशी एकच फाइल रचता येते आणि दोन्ही वाचक तिला आपल्या जातीची म्हणून स्वीकारतात. जावाच्या जेएआर गठड्या मूलतः झिपच असल्यामुळे २००८ साली संशोधकांनी अशी संयुक्त फाइल करून दाखविली व तिला ‘गिफार’ हे नाव मिळाले. ही फाइल चित्र होती की आज्ञावली, हा प्रश्न निरर्थक आहे; वाचक कोण, हे सांगितल्यावाचून त्याला उत्तर नाही.

कधी हा घातक वाचक सर्व्हरवर नसून दुसऱ्याच वापरकर्त्याच्या यंत्रात असतो. एसव्हीजी चित्रात जावास्क्रिप्ट घालता येते. असे चित्र संस्थेच्या मुख्य पत्त्यावरूनच परत पुरविले गेले व कोणी ते ब्राउझरमध्ये थेट उघडले, तर त्यातील आज्ञा त्या मनुष्याच्या अधिकाराने चालतात.

गठडी स्वीकारणाऱ्या उपयोजनांत आणखी एक अडचण उद्भवते. झिपच्या आत प्रत्येक फाइलीचे नाव लिहिलेले असते आणि तेही पाठविणाऱ्यानेच लिहिलेले असते. बाहेरचे नाव काटेकोरपणे तपासणारे उपयोजन आतील नावे तशीच वापरून फाइली उलगडते, तेव्हा त्यांतील एखादी नेमलेल्या डिरेक्टरीच्या बाहेर जाऊन पडते. जून २०१८ मध्ये स्निक या संस्थेने ‘झिप स्लिप’ या नावाने हा दोष जाहीर केला, तेव्हा अनेक भाषांतील पुष्कळ ग्रंथालये व उपयोजने त्याच्या कक्षेत आली.

६. स्वीकारणारी यंत्रणाच सदोष असेल तर

आतापर्यंतच्या उदाहरणांत निदान एक फाइल तरी सर्व्हरवर पोचत होती. परंतु विनंतीचे भाग वेगळे करणारा पार्सर हाही एक वाचकच आहे, आणि परक्याच्या मजकुराशी सर्वांत आधी गाठ त्याचीच पडते. त्याचे साधे उदाहरण म्हणजे २०१४ च्या आरंभी जाहीर झालेला कॉमन्स फाइलअपलोड या ग्रंथालयातील दोष. विभाजक अक्षरमाला ४,०९१ अक्षरांहून मोठी पाठविली असता ग्रंथालयाचा राखीव साठा तिला पुरत नसे आणि वाचनाचे आवर्तन कधीच संपत नसे. काही थोड्या विनंत्यांनी सर्व्हर निकामी करता येई. टॉमकॅटच्या ७ व ८ या आवृत्त्यांत याच ग्रंथालयाची प्रत समाविष्ट असल्याने त्याही बाधित झाल्या. २०२३ मध्ये त्याच ग्रंथालयात विनंतीतील भागांच्या संख्येस मर्यादा नसल्याचे आढळले. मर्यादा घालण्याची सोय १.५ या आवृत्तीत झाली. परंतु ती आपोआप लागू होत नाही, उपयोजन लिहिणाऱ्याने मुद्दाम घालावी लागते.

याच वर्गातील सर्वांत गंभीर प्रकरण सीव्हीई-२०१७-५६३८ हे होय. स्ट्रट्सच्या पार्सरला विनंतीच्या प्रकाराचा हेडर समजला नाही, तर तो चुकीचा संदेश तयार करी आणि त्या संदेशात न समजलेला हेडर जसाच्या तसा घाली. संदेश योग्य भाषेत दाखविण्यासाठी तो पुढे ज्या भागाकडे जाई, तो भाग संदेशातील ओजीएनएल या भाषेतील पदावल्यांचे मूल्य काढीत असे. अर्थात हेडरमध्ये ओजीएनएलची पदावली लिहून पाठविली की, ती सर्व्हरवर आज्ञा म्हणून चाले. फाइल पाठविण्याची गरज नव्हती. उपयोजनात फाइल स्वीकारणारे पान असण्याचीही गरज नव्हती. कारण पार्सर मूळ मांडणीतच चालू असे. पाकिट उघडण्यापूर्वी त्यावरील पत्ता वाचतानाच कारकुनाने हुकूम बजावावा, असा हा प्रकार होता.

दोषाची दुरुस्ती मार्च २०१७ च्या पहिल्या आठवड्यात उपलब्ध झाली व ८ मार्च रोजी अमेरिकेच्या यूएस-सर्ट या शासकीय केंद्राने इशारा दिला. इक्विफॅक्स ही नागरिकांच्या पतव्यवहारांची नोंद ठेवणारी अमेरिकन कंपनी. तिने अंतर्गत सूचना काढली. परंतु ग्राहकांनी आपल्या नोंदींविषयी तक्रार करण्याच्या एका जुन्या उपयोजनात ही दुरुस्ती झाली नाही. मे महिन्याच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत घुसखोर तेथे वावरत होते. त्यांनी वेब शेल पेरले, न सांकेतिकृत केलेले परवलीचे शब्द मिळविले आणि त्यांच्या आधारे त्या उपयोजनाशी काहीही संबंध नसलेल्या अनेक विदागारांवर सुमारे ९,००० पृच्छा केल्या. येजा करणाऱ्या मजकुरावर देखरेख ठेवणाऱ्या उपकरणाचे प्रमाणपत्र कित्येक महिन्यांपूर्वीच मुदतबाह्य झाले होते. २९ जुलै रोजी ते बदलताच संशयास्पद हालचाल दिसून आली. ७ सप्टेंबर २०१७ रोजी प्रकरण जाहीर झाले. सुमारे १४.७ कोटी लोकांची नावे, जन्मतारखा व सामाजिक सुरक्षा क्रमांक त्यात उघडे पडले. जुलै २०१९ मध्ये झालेल्या तडजोडीनुसार कंपनीने किमान ५७.५ कोटी डॉलर देण्याचे मान्य केले.

येथे दोन गोष्टी वेगळ्या करून पाहाव्यात. प्रवेश मिळाला तो पार्सरच्या दोषामुळे. हानी एवढी विस्तृत झाली ती मात्र एका उपयोजनाच्या खात्यापासून इतर विदागारांपर्यंत मोकळा रस्ता असल्यामुळे. पहिली गोष्ट कंपनीने लिहिलेली नव्हती, दुसरी तिनेच रचलेली होती.

७. द्वारपालावाचून द्वार

शेवटचे उदाहरण अगदी अलीकडचे आहे. सॅपच्या नेटवीव्हर या सर्व्हरमध्ये व्हिज्युअल कंपोझर नावाचा एक विकास-साहाय्यक भाग असे. तो मूळ मांडणीत नसला तरी पुष्कळ ठिकाणी बसविलेला होता. त्याला लागणारी वर्णनात्मक माहिती चढविण्यासाठी ठेवलेल्या पत्त्यावर, पाठविणारा कोण आहे व त्यास अधिकार आहे काय, याची तपासणीच होत नव्हती. एप्रिल २०२५ मध्ये घुसखोरांनी या मार्गाने जेएसपी वेब शेल पाठविले, ते पोर्टलच्या सार्वजनिक डिरेक्टरीत पडले व पुढील विनंतीने चालू झाले. २४ एप्रिल २०२५ रोजी सॅपने नेहमीच्या मासिक वेळापत्रकाबाहेर दुरुस्ती प्रसिद्ध केली. सीव्हीई-२०२५-३१३२४ या क्रमांकाच्या या दोषास तीव्रतेच्या मापनात १० पैकी १० गुण देण्यात आले. दुरुस्ती येण्यापूर्वीच घुसखोरी सुरू झालेली असल्यामुळे, दुरुस्ती बसविल्यानंतरही आधी पेरलेल्या फाइलींचा शोध घेणे अवश्य होते.

या प्रकरणी अधिकार-तपासणीचा अभाव हा तात्कालिक दोष खराच. परंतु वर्णनात्मक माहिती स्वीकारणाऱ्या भागाला, जेथून जेएसपी चालविल्या जातात अशा डिरेक्टरीत लिहिण्याची मुभा का असावी, हा प्रश्न त्याहून मूलभूत आहे. ती मुभा नसती तर तपासणीवाचूनही आलेली फाइल निर्जीव मजकूर म्हणून पडून राहिली असती.

८. उपाययोजना

वरील विवेचनावरून उपायांचा क्रम सहज लागतो. प्रथम, लिहिण्याची जागा व चालविण्याची जागा पूर्णतः वेगळ्या असाव्यात. आलेल्या फाइली उपयोजन-डिरेक्टरीच्या बाहेर, शक्य तर निराळ्या यंत्रावर, ठेवाव्यात. ज्या खात्याखाली सर्व्हर चालतो त्या खात्यास, ज्या डिरेक्टरीतून आज्ञावली चालविली जाते तीत लिहिण्याची परवानगी असू नये. स्मृतीच्या बाबतीत हे तत्त्व ‘लिहिता येईल ते चालविता येऊ नये’ या स्वरूपात ओपनबीएसडी या कार्यप्रणालीने २००३ साली अंगीकारले. डिस्कच्या बाबतीतही तेच लागू करावयाचे आहे. जेएसपीचे चालत्या वेळी संकलन होत असल्यामुळे यात अडचण येते, असा आक्षेप कोणी घेईल. त्यास उत्तर असे की, जेएसपींचे संकलन आगाऊ करून घेऊन प्रत्यक्ष वापरातील सर्व्हरवर जेएसपी चालविणारा भाग व आपोआप उपयोजन सुरू करण्याची सोय बंद करता येते. विकासकाची सोय विकासाच्या यंत्रावर असावी.

दुसरे, नाव सर्व्हरने स्वतः द्यावे. यादृच्छिक अक्षरांचे नाव देऊन पाठविणाऱ्याचे मूळ नाव विदागारात केवळ माहिती म्हणून नोंदवावे. त्याचा डिस्कवरील मार्गाशी कधीही संबंध येऊ देऊ नये. गठडीतील आतल्या नावांनाही हाच नियम लावावा.

तिसरे, ओळख व अधिकार यांची तपासणी शक्य तितकी पार्सरच्या आधी व्हावी. म्हणजे अनोळखी माणसाचा मजकूर वाचण्याचे प्रसंगच कमी होतील. फाइलीचा आकार, संपूर्ण विनंतीचा आकार व भागांची संख्या यांवर मर्यादा घालावी. यांपैकी आकाराच्या मर्यादांसाठी सर्व्हलेट ३.० या २००९ च्या मानकात सोय आहे. पण आकाराच्या दोन्ही मर्यादा मुळात ‘अमर्याद’ अशाच ठेवलेल्या आहेत, हे विसरू नये.

चौथे, मजकुराची परीक्षा जरूर करावी, पण ती एकमेव आधार समजू नये. चित्र असेल तर ते उलगडून नव्याने लिहावे. त्यामुळे चित्राखेरीज इतर अंश बहुधा गळून पडतो. मात्र उलगडणारी ग्रंथालयेही दोषमुक्त नसल्यामुळे ते काम अल्प अधिकारांच्या स्वतंत्र प्रक्रियेत करावे. फाइल परत पुरविताना स्वतंत्र पत्त्यावरून, प्रकाराचा अंदाज बांधू नये अशा ब्राउझरला दिलेल्या सूचनेसह, जोडपत्र म्हणून पुरवावी.

पाचवे, आपल्या उपयोजनात कोणती ग्रंथालये व त्यांच्या कोणत्या आवृत्त्या आहेत, याची नोंदवही अद्ययावत ठेवावी. दुरुस्ती प्रसिद्ध झाल्यावर ती कोठे कोठे बसवावयाची, हे ठाऊक नसेल तर सूचना काढून उपयोग होत नाही. त्याचबरोबर उपयोजन-डिरेक्टरीतील फाइलींची मूळ यादीशी नियमित तुलना करावी. अनपेक्षित जेएसपी दिसल्यास ती घुसखोरीची खूण मानावी.

९. उपसंहार

या पाच उपायांत पहिल्याचे स्थान वेगळे आहे. इतर सर्व उपाय कोणती तरी चूक होऊ नये यासाठी आहेत. पहिला उपाय चूक झाल्यावरही तिचा परिणाम सीमित ठेवतो. टॉमकॅटमधील नावाची संदिग्धता, स्ट्रट्समधील चलाची अदलाबदल व नेटवीव्हरमधील उघडे द्वार हे तिन्ही दोष परस्परांहून भिन्न आहेत आणि पुढे येणारे दोष आणखी निराळे असतील. परंतु त्या तिन्हींचा लाभ घेऊन सर्व्हर ताब्यात घेण्याची वाट अखेर जेथे लिहिता येते तेथूनच चालविताही येते, या एकाच स्थितीतून जाते. स्ट्रट्सच्या पार्सरमधील २०१७ चा दोष मात्र या उपायाने अडला नसता, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तेथे फाइलीची गरजच नव्हती. त्याची हानी मर्यादित ठेवावयाची तर उपयोजनाच्या खात्याचे अधिकार संकुचित असणे हाच मार्ग उरतो. म्हणजे दोन्ही ठिकाणी प्रश्न अधिकारांच्या विभागणीचाच आहे.

आपल्या विभागांतून बाहेर पडणारे विद्यार्थी उद्या अशा यंत्रणा रचणार आहेत, आणि अभ्यासक्रमातील प्रकल्पांत फाइल स्वीकारणारे पान लिहिण्याचा प्रसंग त्यांच्यावर आजही येतो. पान चालते की नाही, एवढेच त्या वेळी पाहिले जाते. ती फाइल कोठे लिहिली गेली, कोणत्या खात्याच्या अधिकाराने लिहिली गेली आणि तेथून काय चालविता येते, हे तीन प्रश्न परीक्षकाने त्याच वेळी विचारावेत, असे प्रस्तुत लेखकास वाटते. इक्विफॅक्स प्रकरणातील १४.७ कोटी माणसांपैकी बहुतेकांनी त्या सर्व्हरवर कधीही फाइल पाठविली नव्हती, किंबहुना आपली नोंद तेथे असावी अशी इच्छाही त्यांनी व्यक्त केली नव्हती. जन्मतारीख बदलता येत नाही. त्यामुळे त्यांची हानी दुरुस्ती बसविल्याने भरून येण्यासारखी नाही. सर्व्हर रचणाऱ्याची जबाबदारी त्याच्या वापरकर्त्यांपुरती मर्यादित नसते, ही गोष्ट या विषयाच्या अभ्यासात प्रथम ध्यानी घ्यावयास हवी.